हायब्रिड सोलरचे पैसे घेऊन ऑन-ग्रिड बसवले : सोलापुरातील एक अनुभव

सोलर आणि बॅटरी बॅकअप एकत्र बसवून देतो असे सांगून जुळे सोलापुरातील आमच्या घरी जे बसवले गेले, त्या प्रत्यक्षात एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या दोन यंत्रणा होत्या. गच्चीवर साधी ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणची वीज असेल तरच चालणारी सोलर यंत्रणा आणि जिन्याखाली साधा घरगुती इन्व्हर्टर. पैसे मात्र हायब्रिड, म्हणजे बॅटरीला जोडलेल्या आणि वीज गेल्यावरही चालणाऱ्या यंत्रणेचे घेतले गेले. विक्रेत्याविरुद्ध माझी तक्रार चालू असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही, पण होटगी रोड आणि विजापूर रोड भागातही अशाच प्रकारे फसवलेली कुटुंबे मला भेटली आहेत आणि नवी कोटेशन रोज दिली जात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बॅकअपची गरज आम्हाला हौसेपोटी नव्हती. वडिलांना फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे आणि त्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. त्याला सुमारे ३५० वॅट वीज लागते. त्यातच नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि ते आल्यावर हौदातून टाकीत चढवण्यासाठी एक अश्वशक्तीची मोटर त्याच वेळी चालली पाहिजे. मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी वारे सुटले की तारा तुटतात आणि वीज कधी येईल याचा भरवसा राहत नाही. या तिन्ही गोष्टी विक्रेत्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितल्या होत्या. "मालक, तुम्ही निर्धास्त राहा, दिवसा सूर्यावर आणि रात्री बॅटरीवर सगळं चालेल," हे त्याचे शब्द होते.

त्याने दुकानात प्रात्यक्षिकही दाखवले. मेन स्विच बंद केला, तरी पंखा आणि दिवे चालूच राहिले. दुकानातील ती यंत्रणा खरोखरच हायब्रिड होती आणि तेच दाखवून आमच्याकडून आगाऊ रक्कम घेतली गेली. कोटेशनवर एकच ओळ होती : "३ किलोवॅट हायब्रिड सोलर, बॅटरीसह, रु. २,८५,०००." इन्व्हर्टरचे मॉडेल, पॅनेलचा प्रकार, बॅटरीची क्षमता, यांपैकी काहीही त्यावर नव्हते, आणि पुढची सगळी फसवणूक त्या मोकळ्या जागेतच बसवली गेली.

काम पूर्ण झाल्यावर उरलेली रक्कम तातडीने मागून घेतली गेली. त्यानंतर भर दुपारी वीज गेली तेव्हा गच्चीवर कडक ऊन असूनही सोलर पूर्ण बंद पडले. याचे कारण सोपे आहे, पण खरेदीआधी ते कोणी सांगत नाही. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारे यंत्र, महावितरणची वीज असेल तरच चालतो. वीज गेली की तो स्वतःहून बंद व्हावा अशीच त्याची रचना असते, कारण तसे झाले नाही तर गच्चीवरची वीज उलट्या दिशेने तारांत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे हा यंत्राचा दोष नव्हे. वीजबिल कमी करण्यासाठी ती यंत्रणा चांगलीच आहे. वीज गेल्यावर घर चालवायचे असेल तर मात्र बॅटरीला जोडलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हताच.

विक्रेत्याने यावर सांगितले की नेट मीटर बसल्यावर बॅकअप आपोआप सुरू होईल. हे धादांत खोटे होते. नेट मीटर फक्त महावितरणकडून घेतलेल्या आणि त्यांना दिलेल्या युनिटची मोजणी करतो; वीज गेल्यावर घर चालवण्याशी त्याचा संबंध नाही. मीटर बसल्यावरही काही बदलले नाही, तेव्हा त्याच्या माणसाने ऑन-ग्रिड इन्व्हर्टरची वायर जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडून देण्याची तयारी दाखवली, म्हणजे वीज आहे असे समजून सोलर चालू राहील. असा जुगाड कोणी सुचवला तर त्याला हात लावू देऊ नका. घरात जितकी वीज वापरली जात नाही तितकी जादा वीज साध्या इन्व्हर्टरमध्ये उलटी घुसते आणि इन्व्हर्टर जळण्याचा, बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होण्याचा धोका असतो. सुदैवाने आमच्या ओळखीच्या एका विद्युत अभियंत्याने ते काम थांबवले.

सर्वात जास्त संताप मला बॅटऱ्यांचा आला, कारण तेथे प्रश्न वडिलांच्या श्वासाचा होता. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३,६०० वॅट-अवर. लेड-ॲसिड ट्यूब्युलर बॅटरी दीर्घकाळ टिकवायची तर साधारण निम्मीच वापरावी, आणि इन्व्हर्टरमधील घट वजा केली की हाती सुमारे १,५०० वॅट-अवर उरतात. याचा अर्थ नव्याकोऱ्या बॅटऱ्यांवरही केवळ कॉन्सन्ट्रेटर चार तासांच्या आसपास चालला असता. "रात्रभर सगळं" हे आश्वासन मुळातच अशक्य होते. प्रत्यक्षात तर आमच्या बॅटऱ्या तासभरही टिकल्या नाहीत. वडिलांना ऑक्सिजन सिलिंडरवर घ्यावे लागले. तो घरात ठेवलेला होता म्हणून निभावले. उत्पादकाच्या सेवा केंद्राच्या माणसाने तपासले तेव्हा स्टिकरवरचा क्रमांक आणि बॅटरीच्या अंगावर कोरलेला क्रमांक वेगळे निघाले. जुन्या बॅटऱ्यांना नवे स्टिकर लावून त्या आम्हाला नव्या म्हणून विकल्या होत्या. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का होता, पण क्रमांकाची जागा कोरी होती. इन्व्हर्टरही कमी क्षमतेचा, ११०० व्हीएचा निघाला. एक अश्वशक्ती म्हणजे साडेसातशे वॅटच्या आसपास हे खरे, पण मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट वीज ओढते, त्यामुळे ती त्यावर कधीच सुरू झाली नाही.

अनुदानाच्या बाबतीतही हेच. घराच्या छतावर सोलर बसवण्यासाठी अनुदान देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये ग्राहकाच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होतात. बॅटरीसाठी अनुदान नाही. पॅनेल डीसीआर, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात, आणि तसे प्रमाणपत्र पॅनेलच्या क्रमांकांसह मिळते. आमच्या गच्चीवर त्यापेक्षा स्वस्त, डीसीआर नसलेली पॅनेल चढवली गेली. शिवाय योजनेच्या पोर्टलवरील अर्जात विक्रेत्याने स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकला होता, त्यामुळे अर्ज कुठे अडला आहे हे आम्हाला कळण्याचा मार्गच नव्हता. अर्ज स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या ओटीपीने भरावा. विक्रेता पोर्टलवरील नोंदणीकृत यादीत आहे का, हेही तेथेच पाहता येते.

कोणाच्या हाती सध्या कोटेशन असेल तर त्यात इन्व्हर्टरचे पूर्ण मॉडेल नाव आणि तो ऑन-ग्रिड आहे की हायब्रिड हे लिहून मागावे. वीज गेल्यावर कोणती उपकरणे किती तास चालतील हेही त्यावरच लिहून घ्यावे. जो विक्रेता तोंडी सांगतो पण लिहून देत नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये. माल उतरल्यावर पॅनेल आणि बॅटरीच्या क्रमांकांचे फोटो घेऊन ते जीएसटी बिलाशी जुळवावेत. पॅनेल वर चढवण्यापूर्वीच हे करावे, कारण मागची क्रमांकाची पट्टी नंतर सहज दिसत नाही. बिलाशिवाय स्वस्तात देण्याची तयारी दाखवणाऱ्याकडे नंतर मागायला कागदच उरत नाही. शेवटचा हप्ता मात्र घरच्या प्रत्यक्ष चाचणीनंतरच द्यावा : दुपारी आणि पुन्हा रात्री मेन स्विच बंद करून, आपलीच मोटर, आपलाच फ्रिज, आपलेच वैद्यकीय यंत्र चालवून. दुकानातील प्रात्यक्षिक दुकानातील यंत्रणेचे असते. आणि घरात कॉन्सन्ट्रेटरवर कोणी असेल तर बॅकअप कितीही चांगला असला तरी भरलेला सिलिंडर घरात ठेवावाच.

मी प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रारीसोबत बँकेतून दिलेल्या रकमांच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरील आश्वासने, दोन्ही बॅटऱ्यांच्या क्रमांकांचे फोटो आणि सेवा केंद्राचा लेखी अहवाल जोडला आहे. याच विक्रेत्याच्या पद्धतीने फसवल्या गेलेल्या इतर कुटुंबांनाही मी हीच कागदपत्रे गोळा करायला सांगितले आहे, आणि त्यांतील दोघांचे तक्रार अर्ज सध्या आम्ही एकत्र बसून लिहीत आहोत.