नवी पेठेतला फायनान्सचा क्लास: सूत, उधारी आणि एनपीव्ही

एम.कॉम.ला फायनान्शियल मॅनेजमेंट घेतलं आणि पहिल्या महिन्यातच घाबरले. मैत्रिणीनं नवी पेठेतला हा क्लास सुचवला. जिना अरुंद, पंखा एकच, उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. पण सर शिकवतात ते पोटात उतरतं.

एनपीव्ही म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा आज घातलेले पैसे. ते शिकवायला त्यांनी यंत्रमागच घेतला. आज 5 लाख घालायचे, पाच वर्षं दरसाल दीड लाख सुटणार. 'साडेसात लाख आले, फायदाच की!' असं आम्ही म्हणालो. सरांनी 12 टक्के व्याजदर धरून एकेक वर्षाचा आकडा आजच्या किमतीत आणला: बेरीज 5 लाख 40 हजारांच्या आसपास. मग दर 16 टक्के धरला, तर 4 लाख 91 हजार! तोच माग, तोट्यात. कर्जाचा व्याजदर काय करतो, ते तेव्हा दिसलं.

आमच्या घरी टॉवेलचा धंदा. वहीत नफा असूनही सुताचे पैसे द्यायला बाबांची ओढाताण का होते, हे खेळत्या भांडवलाच्या, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाच्या तासाला कळलं. माल जातो, उधारी दोन महिन्यांनी येते, सूतवाला मात्र महिन्यात मागतो. घरी येऊन बाबांसोबत उधारीची यादीच काढली.

नोट्स हातानं लिहिलेल्या, झेरॉक्स पुसट. डिव्हिडंड पॉलिसी (नफ्यातलं किती भागधारकांना वाटायचं) घाईत उरकली. तरी बिनधास्त जा.