किंगपिन: नुसते बुश बदलायचे की अख्खं किट टाकायचं?

स्टेअरिंग थरथरतंय, खड्ड्यात पुढून खडखड येतेय, पुढचा टायर एका कडेने घासतोय, एवढ्यावरून बरेच जण सरळ किंगपिनचं (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन) काम काढतात. तसं करू नका, कारण बेअरिंग ढिली असेल, टायरॉड एंड (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) गेला असेल किंवा कमानपाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, म्हणजे पिनभोवतीच्या नळ्या, संपले असतील तरी त्रास साधारण असाच दिसतो.

आधी मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून खाली घोडी (टेकू स्टँड) द्या आणि चाक वरून-खालून धरून आत-बाहेर हलवा, जड असेल तर टायरखाली पहार घालून हलवा. खेळ (ढिलेपणाची हालचाल) दिसला की दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा (एअर ब्रेक असेल तर टाकीत हवा भरलेली पाहिजे हं, नाहीतर हे सगळं फुकट). ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, आणि दाबूनही तसाच राहिला तर किंगपिन. बॅटरी मारून स्टब ॲक्सलच्या (चाक बसतं त्या वळणाऱ्या तुकड्याच्या) सांध्याकडे नीट बघितलं की ग्रीसची ओली रेघ उघडते-मिटते ती दिसते, मग वरचा बुश गेलाय की खालचा ते पण कळतं. टायरॉड मात्र चाकं जमिनीवर ठेवूनच बघा, एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे करायचं आणि तुम्ही एंडवर हात ठेवायचा, गेलेला असेल तर हाताला कट्कट लागतेच.

आता मूळ प्रश्न. नुसते बुश टाकले तर सामान कमी लागतं हे खरं, पण खोलायची मेहनत जवळपास तेवढीच आहे, चाक काढा, हब काढा, कॉटर (पिन जागेवर धरणारी खीळ) काढा, अडकलेली पिन ठोकून नाहीतर प्रेसने बाहेर काढा. आणि एवढं करून जुनीच पिन परत घालायची? पिनवरून नख फिरवून बघा. बुश बसतो तिथे नखाला पायरी लागली तर पिन एका बाजूने झिजलीय, तिच्यावर नवा गोल बुश घातला तर तो एका बाजूला दाबात आणि दुसऱ्या बाजूला मोकळा राहणार, मग लवकरच परत तेच काम. नख गुळगुळीत फिरलं आणि मायक्रोमीटरचं माप मॅन्युअलच्या मर्यादेत असलं तरच नुसते बुश चालतील. माझं मत विचाराल तर एकदा खोललं की पिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग (वजन पेलणारं), शिम (फट भरायच्या पातळ चकत्या), सील असं सगळं किट नवंच टाका आणि दोन्ही बाजूंना टाका, कारण दुसरी बाजूही तेवढीच पळलीय.

पण किटही सगळीकडे कामाला येत नाही. पिन बसते ते ॲक्सलचं भोकच मोठं झालं असेल तर नवी पिनही आत हलणार, तिथे भोकाला स्लीव्ह किंवा थेट ॲक्सल बीम हाच मार्ग. ब्राँझचे बुश असतील तर वरचा-खालचा एकाच लांब रीमरने (भोक आतून तासून मापात आणायचं हत्यार) एका रेषेत रीम व्हायला हवा, वेगवेगळे केले की पिन आवळते, स्टेअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. बुशचं ग्रीसचं भोक निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) भोकासमोर आलंय ना हे प्रेस करण्याआधी स्वतः बघा, मी तर दोनदा बघतो.

टायरॉड एंडला एवढा विचार नको, जो ढिला तोच बदला, फक्त नंतर अलाइनमेंट कराच. पाट्याचं एकच पान तुटलं असेल आणि बाकीची कमान शाबूत असेल तर तेवढं पान चालतं, पण सगळा पाटा सपाट झाला असेल तर दोन्ही बाजूंचे सेट घ्या. तुटलेलं पान वेल्डिंग करून वापरू नका, उष्णतेने त्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं. पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्टही नवेच, आणि थोडी गाडी चालवून परत आवळा.

खेळ अजून मर्यादेत असेल तर काही न बदलता आधी ग्रीस मारून बघा, पण ॲक्सल उचलून, कारण चाकांवर वजन असलं की दाबाखालच्या जागेत ग्रीस नीट शिरत नाही. आधी तांबूस, गंजकट ग्रीस बाहेर येईल, स्वच्छ येईपर्यंत मारत राहा. निपल बदलून आणि ॲक्सल उचलूनही ग्रीस जातच नसेल तर वाट बघू नका, खोला.