ग्रेट सर्कल मॅपर: सोलापूर ते न्यूयॉर्क, विमानाच्या वाटेनं

लांबच्या दोन शहरांमधलं हवाई अंतर काढायचं तर आधी ग्रेट सर्कल मॅपर उघडा. वेबसाइट फुकट आहे. चौकटीत विमानतळांचे तीन अक्षरी कोड आडव्या रेघेनं जोडून टाकायचे: सोलापूर एसएसई, मुंबई बीओएम, न्यूयॉर्कचं केनेडी जेएफके. प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं येतं आणि खाली बेरीज. एकक मात्र आधी किलोमीटर करून घ्या. साधा मैल १.६०९ किमीचा, नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, यांची सरमिसळ झाली तर सगळा हिशेबच कोलमडतो.

सोलापूर-मुंबई सुमारे ३६२ किमी, मुंबई-न्यूयॉर्क साधारण १२,५५० किमी. सोलापूरहून थेट न्यूयॉर्क मोजलं तर या बेरजेपेक्षा जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किमी कमी भरतं. म्हणजे मुंबईचा वळसा अंतराच्या दृष्टीनं किरकोळच.

खरी गंमत नकाशात आहे. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई-न्यूयॉर्क पट्टीनं सरळ रेघ मारली, तर त्या रेघेवरून प्रत्यक्षात सुमारे १४,२०० किमी जावं लागेल. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वात जवळची वाट उत्तरेकडे वाकते आणि नॉर्वे, आइसलंडवरून जाते. शंका असेल तर ३० सेंमी व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तिथे १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी; दोरा साडेएकोणतीस सेंमीच्या आसपास भरतो.

विमानतळ नसलेल्या गावासाठी, समजा अक्कलकोटसाठी, गुगल अर्थ प्रो बरं. तेही फुकट. टूल्समध्ये रूलर, त्यात लाइन, मग दोन ठिकाणी क्लिक. अंतराबरोबर दिशाही मिळते. फोनवर गुगल मॅप्समध्ये बोट दाबून पिन टाकली की ‘अंतर मोजा’ मिळतं, पण छोट्या स्क्रीनवर अर्धी पृथ्वी सरकवणं जिकिरीचं.

अक्षांश-रेखांश हातानं टाकताना दोन चुका हमखास होतात. १७ अंश ४० मिनिटं म्हणजे १७.६७, कुणी १७.४० लिहिलं की सोलापूर ३० किमी दक्षिणेला सरकतं. दुसरी चूक पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरण्याची. न्यूयॉर्कच्या ७३.७८ आधी ते राहिलं, तर बिंदू किरगिझस्तानात पडतो आणि मुंबईपासूनचं अंतर २,४०० किमीच्या आसपास दिसतं. इतका कमी आकडा दिसला तर आधी चिन्ह तपासा.

या आकड्यावरून प्रवासाचा वेळ काढू नका. वारा, ठरलेले हवाई मार्ग आणि बंद हवाई हद्द यांमुळे विमान जास्तच उडतं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद झाल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या त्या यामुळेच. इकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, हिची विमानांचं कार्बन उत्सर्जन मोजण्याची पद्धतही ५,५०० किमीवरच्या उड्डाणाला सरसकट १२५ किमी वाढवून धरते.