डेस्कटॉपमधलं यूएसबी ३.० कार्ड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मदरबोर्डवर सगळे पोर्ट यूएसबी २.० चे, म्हणून पीसीआय एक्सप्रेस एक्स-१ स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरची जादा कार्डं बसवायची छोटी खाच) चार पोर्टचं ३.० कार्ड बसवलं. कार्ड उत्तम चाललंय. पण पोर्ट हळू चालतोय म्हणून लगेच कार्ड घेऊ नका, कारण बऱ्याचदा दोष पोर्टचा नसतोच.

आधी वेग मोजा. एकच मोठी फाइल, निदान ५ जीबीची, कॉपी करा. हजारो छोट्या फाइल्स कुठल्याही पोर्टवर रखडतात, त्यावरून काही कळत नाही. वेग सेकंदाला ३० ते ४० एमबीवर अडकला असेल, तर जोडणी २.० वर चालू आहे. ८-१० एमबीच मिळत असेल, तर बहुधा पेन ड्राइव्हच तेवढा. स्वस्त पेन ड्राइव्ह सुरुवातीला धावतो आणि कॅश (तात्पुरती वेगवान मेमरी) भरली की बसतो. तिथे कार्डाचा काहीच उपयोग नाही.

मागच्या बाजूला निळे पोर्ट असूनही वेग २.० चाच मिळत असेल, तर केबल बदलून बघा. ३.० च्या जादा पाच पिना कनेक्टरच्या आतल्या बाजूला असतात. प्लग अर्धवट किंवा फार सावकाश घातला, तर जुन्या चार पिना आधी टेकतात आणि ड्राइव्ह २.० वरच जोडला जातो. काढून एका दमात नीट आत घाला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर मदरबोर्डवरच्या १९ पिनांच्या कनेक्टरमध्ये पक्की बसली आहे ना, हेही पाहा. लिनक्सवर 'एलएसयूएसबी -टी' (lsusb -t) ही कमांड चालवली की ४८०एम (म्हणजे २.०) दिसतं की ५०००एम (म्हणजे ३.०), यावर लगेच निकाल लागतो.

एवढं करूनही अडलं, तरच कार्ड. इथे महत्त्वाचा आहे तो स्लॉट. पीसीआय एक्सप्रेस २.० ची एक लेन (डेटाची वाट; एक्स-१ स्लॉटमध्ये ती एकच असते) सेकंदाला ५०० एमबी देते, पहिल्या पिढीची फक्त २५०. कार्डाच्या खोक्यावर ५ जीबीपीएस छापलेलं असलं, तरी चारही पोर्ट ही एकच लेन वाटून घेतात. २.० स्लॉटमध्ये एसएसडीला ३५० ते ४०० एमबी मिळतात, फिरत्या हार्ड डिस्कला साधारण ११०. म्हणजे ५० जीबीच्या बॅकअपला जिथे २४ मिनिटं लागत होती, तिथे हार्ड डिस्कवरही आठ मिनिटांच्या आत काम होतं. एवढ्यासाठीही कार्ड घेण्यासारखं आहे.

कार्डावर साटा पॉवरचा कनेक्टर (हार्ड डिस्कला वीज देणारी वायर लागते तो) असेल, तर तो जोडाच. ३.० चा एक पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. दोन पोर्टेबल डिस्क एकदम लावल्या की स्लॉटमधून येणारी वीज अपुरी पडू शकते. मग डिस्क टकटक आवाज करते, मधेच गायब होते, आणि कॉपी होत असलेली फाइल खराब होते. ब्रॅकेटचा स्क्रूही आवळा. तो सैल राहिला तर दरवेळी प्लग घालताना कार्ड स्लॉटमध्ये हलतं.

ड्रायव्हरचा त्रास विंडोज ७ वरच आहे. ८ पासून तो सिस्टीममध्येच येतो. मशीन झोपेतून उठल्यावर डिस्क दिसली नाही, तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची टिक काढा.

दोन उणिवा मात्र राहतात. ३.० च्या वाहतुकीमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो, त्यामुळे शेजारच्या पोर्टमध्ये वायरलेस माउसचा रिसीव्हर असेल तर कॉपी चालू असताना माउस अडखळतो. रिसीव्हर एक्स्टेन्शन केबल लावून लांब न्या. दुसरं, अनेक जुने मदरबोर्ड अशा कार्डावरून बूट करत नाहीत आणि बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) त्यावरचा कीबोर्डही ओळखत नाहीत. कीबोर्ड आणि इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह मदरबोर्डच्याच पोर्टवर ठेवा.