अँटकॉन्क: फुकट आहे, पण 'दुसऱ्या'चे दोन तुकडे करतं

अँटकॉन्क म्हणजे मजकुराच्या ढिगातले शब्द मोजणारं आणि शोधून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या शब्दांच्या वारंवारतेच्या यादीत परवा 'दुसर्' असा लंगडा शब्द दिसला. खाली 'सातार्'. त्यांची शेपटं 'या' आणि 'याला'च्या आकड्यांत जमा!

टोकन डेफिनिशनमध्ये, म्हणजे शब्दात कोणती चिन्हं धरायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, 'मार्क'वर (काना-मात्रांच्या गटावर) खूण करायची हे मराठीवाल्यांना माहीत असतंच. नाहीतर काना-मात्रा गळून 'पुणे'चे 'प' आणि 'ण' उरतात. ती खूण असूनही 'ऱ्या' फुटतो. कारण युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य चिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखेच. पण ते चिन्ह अक्षरांतही मोडत नाही आणि मार्कांतही नाही, म्हणून शब्द तिथेच तुटतो.

माझा मजकूर म्हणजे जुन्या फाँटातले दिवाळी अंक. ते युनिकोडात आणून देणाऱ्या डीटीपीवाल्याने पानामागे पैसे घेतले होते. फोन केला तर म्हणे, "काका, स्क्रीनवर बरोबर दिसतंय ना? मग?" दुरुस्तीचे वेगळे पैसे मागितले. नाही दिले. नोटपॅड++मध्ये फाइंड-रिप्लेस केलं, चहा गार व्हायच्या आत काम झालं. कशाचे पैसे मागत होता हा गृहस्थ?

इथवर दसऱ्याला लिहिलं होतं, तीन तारे देऊन. आता चार देतो, आणि ते फक्त डावीकडच्या सॉर्टसाठी. संदर्भपंक्ती, म्हणजे शोधलेला शब्द मध्ये ठेवून दाखवलेल्या ओळी, मुळात उजवीकडच्या शब्दांनी लावलेल्या येतात. मराठी क्रियापदाची सगळी गंमत डावीकडे. 'लाग*' टाकून डावीकडून लावलं, तर आग, ऊन, गोड, ठेच, दृष्ट, नाद, भूक, वेळ असे ओळीने उभे राहिले. भात बुडाला लागतो तो 'लागणे' आमच्या कोशाच्या बैठकीत एकालाही सुचला नव्हता, आणि सगळे रोज घरी जेवतात. डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत कोशासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या, हे आठवून जरा ओशाळायला झालं.

याच कामाचं स्केच इंजिन याहून बरंच काही करतं, पण वर्गणी युरोत. विषय संपला.

पाचवा तारा राखून ठेवलाय. 'घर*' शोधलं की घरात, घरापासून येतात तसे घरटं आणि घराणंही येतात, निवडत बसा. डीटीपीवाल्याचे शेवटच्या अंकाचे पैसेही राखून ठेवलेत.