सोनचाफ्याचं कलम: अडीच वर्षांचा अनुभव

आईला सोनचाफा फार आवडायचा. म्हणून तिच्यासाठी पुण्यातल्या एका रोपवाटिकेतून 'कलम' म्हणून एक रोप आणलं होतं. पाच वर्षं नुसती पानं. शेवटी एका माळीकाकांनी खोड चाचपून सांगितलं, "ताई, याला जोडच नाही, हे बियांचं रोप आहे." बियांच्या झाडाला फुलायला बरीच वर्षं लागतात. आई तोवर थांबली नाही, ही रुखरुख अजून आहे.

हे दुसरं झाड कुडाळजवळच्या एका रोपवाटिकेतलं. साडेतीनशे रुपयांना, कमरेएवढं. मालकांनी स्वतः खोडावरचा जोड दाखवला. वीतभर उंचीवर तिरपी खूण होती आणि साल दोन्ही बाजूंनी एकजीव झालेली. जोडाच्या खाली फुटवा आला की लगेच काढायचा, नाहीतर खुंटच (ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप) वाढतो आणि कलम मरतं, हेही बजावून सांगितलं. "पिशवी ब्लेडने कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका," असं त्यांनी दोनदा म्हटलं. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलियाच्याच गोतातला (पूर्वी याला मायकेलिया म्हणत), आणि या झाडांची मुळं जाड, मांसल असतात. एकदा दुखावली की लवकर सावरत नाहीत. मी गोळा जसाच्या तसा अंगणातल्या खड्ड्यात उतरवला. जून होता, एक पानसुद्धा गळलं नाही.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिली कळी आली. पानाच्या बगलेत, लव असलेल्या टोपीत गुंडाळलेली. टोपी गळली आणि आत केशरी-पिवळं टोक दिसलं, तेव्हा मी चहा तसाच ओट्यावर ठेवून अंगणात उभी राहिले होते. आता पावसाळ्यात रोज सात-आठ फुलं मिळतात. एक आईच्या फोटोला, बाकीची काचेच्या बरणीत पाण्यात.

एक गोष्ट मात्र रोपवाटिकेच्या मालकांनी सांगायला हवी होती. कोकणातल्या आंबट तांबड्या मातीतलं झाड आमच्या बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यावर पिवळं पडतं. पहिल्या उन्हाळ्यात कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अशी अवस्था झाली. अशा पाण्यामुळे झाडाला मातीतलं लोह मिळत नव्हतं. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी केली, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं आणि पाणी साचू नये म्हणून आळं उंचावलं. दीड महिन्यात नवी पालवी हिरवीगार आली.

या रोपवाटिकेतून रोपं कुरिअरनेही येतात, पॅकिंग चांगलं असतं. फोन मात्र दुपारी उचलत नाहीत, सकाळी नऊच्या आत करावा. मी यंदा तिथूनच कवठी चाफा मागवला आहे. पैसे पाठवण्याआधी खोडाचा फोटो मागवला, जोड स्पष्ट दिसेल असा, आणि त्यांनी दहा मिनिटांत पाठवला.