होडीवरची गॅसची पेटी: एक हंगाम वापरल्यावर

होडीवर स्वयंपाकाच्या गॅसची टाकी ठेवायला करून घेतलेल्या पेटीबद्दल सावकाश लिहिणार होतो, पण ती बनवणाऱ्या कुपवाडच्या कारखान्यात परवा पुन्हा वाद झाला आणि राहवलं नाही. आधी निकाल सांगतो: पेटी पास, गळलेला गॅस होडीबाहेर सोडणारी निचऱ्याची नळी नापास. आणि होडीवरच्या गॅसच्या पेटीत नळी हीच मुख्य वस्तू आहे, बाकीचा पत्रा तिच्यासाठी असतो.

होडी शिडाची, फायबरची, जुनी. रत्नागिरीजवळच्या खाडीत उभी असते. आम्ही दोघे भागीदार सांगलीचे, सवड मिळाली की आंबा घाट उतरतो. आधीच्या मालकाने पाच किलोची टाकी कॉकपिटच्या, म्हणजे होडी हाकायला बसतो त्या उघड्या जागेच्या, बैठकीखाली ठेवली होती आणि त्या कप्प्यातून वायरींसाठी केबिनमध्ये थेट भोक होतं. घरात गॅस गळला तर निदान दारं-खिडक्या उघडता येतात. होडीचा तळ सगळीकडून बंद. गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो तळात जाऊन साचतो, आणि तिथेच बॅटरी, पंप, इंजिनाचा स्टार्टर. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला तरी एक ठिणगी पुरते.

म्हणून वेगळी पेटी करून घेतली: झाकण फक्त वरून, केबिनच्या बाजूला काही उघडं नाही, गॅसची नळी बाहेर पडते तिथे घट्ट रबरी ग्लँड (भोकाची फट बंद करणारी), आणि तळातून निचऱ्याची नळी होडीबाहेर. लहान बोटींसाठीच्या आयएसओ १०२३९ या मानकात निचऱ्याच्या नळीचा आतला व्यास किमान १९ मिमी सांगितला आहे. मी चित्रात २५ लिहून दिला होता.

आली ती अर्ध्या इंचाची. तीही तळातून नाही, बाजूने, तळापासून दोन बोटं वर. कारण काय, तर तोच सॉकेट, म्हणजे नळी जोडायचा तुकडा, शिल्लक होता. 'जातंय की पाणी, मग गॅस कुठं अडतोय?' हे कारखानदाराचं उत्तर, आणि परवाही तेच.

इथेच माझा जीव अडकला आहे. पाणी वजनाने वाट काढतं. पेटीत फूटभर उंचीपर्यंत गॅस साचला तरी त्याचा जोर अर्धा मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतकाही नसतो. म्हणजे नळीला कुठे झोळ पडला आणि त्यात दोन बोटं पाणी साठलं, की गॅसच्या दृष्टीने ती नळी बंद. वरून ओतलेलं पाणी मात्र झोळातलं पाणी ढकलून खुशाल बाहेर पडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. नळी पेटीपासून बाहेरपर्यंत सलग उतरतीच हवी. शिडाच्या होडीत आणखी एक अडचण असते. वाऱ्याने होडी कलली की कडेचं तोंड पाण्याखाली जातं, म्हणून आम्ही ते मागच्या फळीतून, पाण्याच्या रेषेच्या बरंच वर काढलं. पेटीखाली पाचर मारून नळीकडची बाजू खाली केली आणि हंगाम काढला.

झाकणाबद्दल मात्र माझं मत बदललं. सुरुवातीला वैताग होता: पुढून दार असतं तर रेग्युलेटर बसल्या बसल्या बंद करता आला असता, इथे प्रत्येक वेळी वाकून हात घालावा लागतो. मग एका रात्री टाकीच्या व्हॉल्व्हमधला रबरी वॉशर चिरलेला निघाला. मागच्या फळीपाशी उभं राहिलं की वास येत होता, केबिनमध्ये गुडघे टेकून नाक तळाला लावलं तरी काही नाही. पुढून दार असतं तर गॅस त्याच्या खालच्या फटीतून पायाशी सांडला असता. टाकी बंद केली, वॉशर बदलला, साबणाचा फेस लावून पाहिला आणि चहा केला. त्या रात्री पेटीचे सगळे पैसे वसूल झाले.

टाकीला दोन पट्टे लावून घेतले आहेत. २०१९ च्या पुरात सांगलीत टाक्या पाण्यावर वाहत जाताना ज्यांनी पाहिल्या त्यांना कारण सांगायला नको; घरगुती १४.२ किलोची टाकी भरलेली असली तरी तरंगते.

पत्रा ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा. दुधाच्या टाक्यांना लागतो तोच, कुपवाडात सहज मिळतो. खाऱ्या हवेत ३१६ हवा, त्यात मॉलिब्डेनम असतं, पण भावातला फरक बघून आम्ही समजून-उमजून ३०४ घेतला. जोडांपाशी तांबूस डाग आलेत, लिंबूसताच्या पाण्याने पुसले की जातात. पैसे वाचवायचेच तर इथे वाचवावेत, नळीत नाही.

आता परवाचं. पावसाळ्यासाठी होडी वर ओढली तेव्हा नळी तपासायला पेटीत पाणी ओतलं आणि ते तिथेच राहिलं. तार घातली तर मातीचा गोळा निघाला. कुंभारमाशीने आत घर केलं होतं. अर्ध्या इंचाची नळी तिला अगदी मापाची. टाकी तेव्हा उतरवलेली होती, पण आदल्या आठवड्यात तिच्यावरच आम्ही जेवण रांधलं होतं.

कारखानदार नवीन सॉकेटचे आणि वेल्डिंगचे वेगळे पैसे मागतो. चित्रावर २५ लिहिलेलं आहे, खाली त्याची सही आहे, ते मी समोर ठेवलं. अजून मिटलेलं नाही. वेल्डिंगचे पैसे मी देणार नाही, सॉकेटचे देईन. तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात २५ मिमीचं भोक आणि बोटाएवढा ब्रश आरपार जाईल अशी सरळ नळी, एवढं झाल्याशिवाय टाकी होडीवर चढणार नाही.